चुलीवरचा हुनर आणि त्याचा हिशेब

आपल्या कारीगर घरांतून दोन हुनर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक मागावरचा आणि दुसरा चुलीवरचा. मागावरच्या हुनराची मजुरी, थोडी का होईना, आठवड्याच्या आठवड्याला हातात पडली. चुलीवरच्या हुनराला ‘वा, काय सालन झाले आहे!’ या शाबासकीपलीकडे फारसे काही मिळाले नाही. लग्नाच्या दावतीत बावर्ची आपले पैसे मोजून घेतो. पण घरातल्या ज्या मावशीने त्याला मसाल्याचे माप सांगितले, तिचे नाव कोणत्याही वहीत येत नाही.

आता काळ बदलला आहे. मोबाईलवर पदार्थ करून दाखवायचे आणि त्यातून रोजी कमवायची, असा धंदा गेल्या दीड दशकात उभा राहिला आहे. आमच्या कापडाच्या पेढीवर येणारे व्यापारी, मास्टर, रंगारी असे अनेक जण हल्ली विचारतात, “भाईसाहब, यात खरेच पैसा आहे का? घरात मुलगी छान पकवते, मुलगा व्हिडिओ काढतो. करू द्यावे का?” आम्ही कापडाचे व्यापारी, स्वयंपाकातले जाणकार नव्हे. पण हिशेब कोणत्याही धंद्याचा असो, तो मांडण्याची रीत एकच असते. माल काय, गिऱ्हाईक कोण, पैसा येतो कुठून आणि बुडतो कुठे, हे चार प्रश्न विचारायचे. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

धंदा जुना, दुकान नवे

पाककृती विकणे ही काही आजची गोष्ट नाही. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ साली मुंबईत राहत्या घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. १९७४ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक आले, त्यानंतर पुस्तकांची रांग लागली आणि २००७ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मराठीत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि आजही सासरी जाणाऱ्या मुलीच्या सामानात ते ठेवले जाते. या दोघी घरच्याच स्वयंपाकातून पुढे आल्या. त्यांनी विकले ते माप, क्रम आणि भरवसा. ‘यांनी सांगितल्याप्रमाणे केले तर पदार्थ बिघडत नाही’ हा तो भरवसा.

आज पुस्तकाच्या जागी मोबाईल आला आहे, पण विकायचा माल तोच आहे. हे ज्याला समजले तो या धंद्यात टिकतो. ज्याला वाटते की लोक आपला चेहरा पाहायला येतात, तो सहा महिन्यांत थकतो.

कोणी करून दाखवले

नोएडाच्या निशा मधुलिका यांनी २००७ मध्ये हिंदीतून पाककृती लिहायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला घेतले. साधी भाषा आणि शाकाहारी घरगुती पदार्थ, एवढ्यावर त्या देशभर माहीत झाल्या. आपल्या मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना सुरुवात केली, नंतर मराठीतून स्वतंत्र वाहिनी चालवली आणि पुढे आपल्या नावाचे मसालेही बाजारात आणले. मसाल्यांची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाने २०१८ मध्ये ‘व्हिलेज कुकिंग चॅनेल’ सुरू केले. आजोबा आणि नातू शेतात उघड्यावर मोठमोठ्या देगी चढवतात आणि शिजलेले अन्न गरजूंना वाटतात. जुलै २०२१ मध्ये त्यांच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटीवर गेली. तामिळमध्ये एवढा आकडा गाठणारी ती पहिली वाहिनी ठरली. आंध्रच्या मस्तानम्मा तर शंभरी ओलांडलेल्या होत्या. पणतू व्हिडिओ काढी आणि त्या शेताच्या कडेला बसून रांधत. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीही दखल घेतली. ‘नवाब्ज किचन’चे ख्वाजा मोइनुद्दीन हे आणखी एक नाव. ते मोठ्या भांड्यांत बिर्याणी, हलवा, मिठाई करतात आणि अनाथ मुलांना खाऊ घालतात. लोक ते प्रेमाने पाहतात.

आपल्या भगिनींच्या दृष्टीने एक उदाहरण फार महत्त्वाचे आहे. ‘हेब्बार्स किचन’ या प्रसिद्ध वाहिनीवर पकवणारीचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते हात, भांडे आणि पदार्थ, आणि सूचना पडद्यावर लिहून येतात. ज्या घरांत कॅमेऱ्यासमोर येणे पसंत नाही, त्यांच्यासाठी हा रस्ता मोकळा आहे. पडदा हे या धंद्यात न उतरण्याचे कारण होऊ शकत नाही.

पैसा येतो कुठून

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पैसा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट जाहिरातीची. आपल्या व्हिडिओच्या आधी-मध्ये कंपनी जाहिराती दाखवते आणि त्या उत्पन्नात आपल्याला वाटा देते. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओसाठी तो वाटा ५५ टक्के आणि ‘शॉर्ट्स’ नावाच्या छोट्या व्हिडिओसाठी ४५ टक्के आहे. हा वाटा पहिल्या दिवसापासून मिळत नाही. त्यासाठी १,००० वर्गणीदार हवेत आणि वर्षभरात लोकांनी आपले व्हिडिओ ४,००० तास पाहिलेले हवेत, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले गेलेले हवेत. खात्यात १०० डॉलर जमल्याखेरीज पैसे बँकेत येत नाहीत. त्याआधी कंपनी टपालाने एक पिनक्रमांक घरच्या पत्त्यावर पाठवते, म्हणून पत्ता नीट लिहावा. आपल्या मोहल्ल्यांत घरनंबर धड नसतात आणि पत्र भलत्याच्या हाती जाते.

हे ४,००० तास म्हणजे किती, ते मांडून पाहू. ४,००० तासांचे २,४०,००० मिनिटे होतात. प्रत्येक माणूस चार मिनिटे थांबला असे धरले तर ६०,००० वेळा पाहणे झाले. उदाहरणापुरते धरू की हजार वेळा पाहण्यामागे हातात ४० रुपये पडतात. दर भाषेप्रमाणे, महिन्याप्रमाणे आणि पाहणारा कोणत्या देशात आहे त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. या हिशेबाने ६०,००० चे झाले २,४०० रुपये. म्हणजे वर्षभराची मेहनत, गॅस, गोश्त, तेल आणि हाती २,४०० रुपये! नुसत्या जाहिरातीवर घर चालवायचे तर महिन्याला लाखोंनी पाहणारे हवेत. तसे भाग्य थोड्यांचे असते.

दुसरी वाट कंपन्यांची. नाव झाले की तेल, मसाले, भांडी विकणाऱ्या कंपन्या आपला माल दाखवण्यासाठी पैसे देतात. इथे रक्कम मोठी असते, पण जोखीमही मोठी. त्याविषयी पुढे सांगतो.

तिसरी वाट स्वतःच्या मालाची. आमच्या मते खरा धंदा हाच आहे. व्हिडिओ म्हणजे दुकानाबाहेर टांगलेला नमुना. कापडवाला दर्शनी भागात चांगला थान टांगतो, पण पैसे टांगलेल्या थानाचे मिळत नाहीत, आत विकलेल्या मीटरचे मिळतात. वरचेच ६०,००० पाहणारे घ्या. त्यातल्या पाचशेत एकाने घरच्या गरम मसाल्याचे पाकीट मागवले तर १२० पाकिटे गेली. सगळा खर्च वजा जाता पाकिटामागे ४० रुपये सुटले तर ४,८०० रुपये झाले. म्हणजे जाहिरातीच्या दुप्पट, आणि गिऱ्हाईक कायमचे. ज्याला मसाला आवडला तो पुढच्या महिन्यात व्हिडिओ न पाहताही मागवतो.

मुंबईच्या मुनाफ कपाडिया यांचे उदाहरण इथे बोलके आहे. गुगलमध्ये नोकरी करत असताना २०१४ च्या अखेरीस त्यांनी कुलाब्याच्या घरी पाहुण्यांना पैसे घेऊन बोहरी थाळ जेवू घालायला सुरुवात केली. रांधणाऱ्या त्यांच्या आई, नफीसा. आईचे धुरी दिलेले खिमा समोसे एवढे गाजले की मुलाने नोकरी सोडली. ‘द बोहरी किचन’ची ही कहाणी त्यांनी २०२१ मध्ये पुस्तक काढून सांगितली. यातला धडा सरळ आहे. प्रसिद्धी बाहेर झाली, पण पैसा घरच्या दस्तरखानावर आला.

माल कोणता ठेवावा

बटर चिकन आणि पनीर दाखवणारे हजारो आहेत. त्या बाजारात आपण नवे, आपला भाव कोण विचारणार? पण आपल्या घरांत जे आहे ते बाहेर फार थोड्यांकडे आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नान-खलिया घ्या. तुघलकाच्या लष्कराबरोबर ते दौलताबादेत आले असे सांगतात. कोकणी मुसलमानांच्या घरातले सांदण आणि नारळाच्या रसातले सालन, मेमन घरांतली आखनी, बोहऱ्यांचा पलिदू, मराठवाड्यातली तहारी, नागपूरकडे उलट्या माठावर भाजली जाणारी लांब रोटी, बुरहाणपूरची मावा जिलेबी. हा सगळा माल घरात पडून आहे आणि त्यावर धूळ बसते आहे.

यात नुकसान फक्त पैशाचे नाही. ज्या बुजुर्ग बायकांच्या हातात ही मापे आहेत त्या लिहून ठेवणाऱ्या नव्हेत. ‘अंदाजाने घाल, बेटा’ हे त्यांचे माप. त्या गेल्या की पदार्थही जातो. म्हणून कॅमेरा लावण्याआधी एक काम करावे. आजीला, खालाजानला, फुफीला समोर बसवावे आणि त्यांची मूठ तराजूत टाकून ग्रॅममध्ये लिहून घ्यावी. त्या वहीची किंमत कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त आहे. पाहणाऱ्यालाही मापच हवे असते. ‘थोडेसे’ आणि ‘चवीपुरते’ ऐकून तो कंटाळतो आणि दुसरीकडे निघून जातो.

भाषेचा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे उर्दूचा जिव्हाळा आहेच. पण बाजार पाहून बोलावे. हिंदी-उर्दू बोलीत गिऱ्हाईक जास्त, तशी चढाओढही जास्त. मराठीत गिऱ्हाईक कमी, पण मुस्लिम घरांतले पदार्थ मराठीतून नीट समजावून सांगणारे फार थोडे आहेत आणि मराठी वाचकाला त्यांची उत्सुकता आहे. शिवाय कोकणातल्या घरात जी बोली बोलतात तीच व्हिडिओत बोलली तर आखातात नोकरी करणारा कोकणी माणूस तिथे बसून पाहतो. त्याला घरची आठवण येते आणि सुटीवर आला की मसाला तो तुमच्याकडूनच नेतो.

भांडवलाचे म्हणाल तर ते कमी लागते. घरातला बरा मोबाईल, तो स्थिर राहील असा स्टँड, खिडकीचा उजेड किंवा एक दिवा, आणि मागे एकरंगी कापड. कापड आमच्याकडून घ्यावे असे आम्ही म्हणत नाही, जुनी चादरही चालते. आवाज मात्र स्वच्छ हवा. शेजारी माग चालू असेल तर खडखड बंद असेल त्या वेळी रेकॉर्डिंग करावे. खरे भांडवल वेळेचे आणि सब्राचे आहे.

सीझनचे गणित कापडवाल्याला शिकवायला नको. ईदचा माल आपण ईदच्या आठवड्यात भरत नाही. शीरखुर्म्याचा, हलीमचा, इफ्तारीचा व्हिडिओ रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी तयार हवा. बकरी ईदला कलेजी, पाये आणि गोश्त टिकवण्याच्या रीती लोक शोधतात. दिवाळीच्या आसपास जाहिरातदार जास्त खर्च करतात, तेव्हा दरही चढतो. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो उतरतो. त्या वेळी घाबरून बंद करू नये.

कायदा आणि कागद

पहिली गोष्ट कंपन्यांच्या पैशाची. ज्या मालाचे पैसे घेतले त्याची शिफारस करताना ‘ही जाहिरात आहे’ हे स्पष्ट सांगावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने तशा सूचना काढल्या. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिळालेला मिक्सर किंवा भांड्यांचा संच हाही मोबदलाच समजला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी तिजारतीचा उसूल हाच आहे की मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये. जे तेल आपण घरात वापरत नाही ते चांगले म्हणून सांगणे ही रोजी बरकतीची नव्हे.

दुसरी गोष्ट कराची. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा भेटवस्तूंवर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा असतो. तो विवरणपत्रात दाखवावा. जून २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर तिथला कर कापला जातो. करविषयक फॉर्म पॅनसह भरला तर भारतीयांना तो फक्त त्या हिश्श्यावर १५ टक्के पडतो. फॉर्मच भरला नाही तर सगळ्या उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. अनेकांचे पैसे निव्वळ आळसापायी असे जातात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. परदेशी कंपनीकडून येणाऱ्या रकमेचे नियम वेगळे आहेत, म्हणून त्या टप्प्यावर आपल्या सीएला विचारावे.

तिसरी गोष्ट अन्नाची. पदार्थ नुसता दाखवला तर परवाना लागत नाही. पण घरून मसाला, लोणचे, डबा काहीही विकले की एफएसएसएआयची नोंदणी आवश्यक आहे. लहान उद्योगाला ती थोड्या फीत, ऑनलाईन अर्ज करून मिळते. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, बनवल्याची व वापरण्याची मुदत आणि शाकाहारी-मांसाहारी खूण हवी.

चौथी गोष्ट उचलेगिरीची. अमुक पदार्थात काय पडते ही माहिती कोणाच्या मालकीची नसते. पण दुसऱ्याचा व्हिडिओ, फोटो, लिहिलेला मजकूर किंवा फिल्मी गाणे उचलले तर तक्रार होते आणि खाते बंद पडू शकते.

भाड्याच्या जागेतले दुकान

या धंद्याची सर्वात मोठी जोखीम म्हणजे दुकान आपल्या मालकीचे नाही. जागा कंपनीची आणि नियमही कंपनीचे. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने १,००० वर्गणीदार आणि ४,००० तासांची अट जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात हजारो लहान वाहिन्यांचे उत्पन्न थांबले. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. लाखो चाहते असलेले लोक एका रात्रीत रिकाम्या हाताने बसले.

म्हणून गिऱ्हाइकाचे नाव आणि फोननंबर आपल्या वहीत असावेत. मसाला घेणारे, डबा घेणारे, दावतीची ऑर्डर देणारे, शिकायला येणाऱ्या मुली, ही यादी हाच आपला खरा माल. दुकान उद्या दुसऱ्या गल्लीत हलवावे लागले तरी हे गिऱ्हाईक सोबत येते.

खाते कोणाच्या नावावर

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरांत असे घडते की रांधते आई किंवा सून, व्हिडिओ काढतो मुलगा, आणि खाते, पॅन, बँक सगळे मुलाच्या नावावर. सुरुवातीला दोन हजार येतात तेव्हा कोणाला काही वाटत नाही. वीस हजार येऊ लागले की प्रश्न उभे राहतात. मुलगा वेगळा राहायला गेला, सून माहेरी गेली, भावाभावांत वाटणी झाली, तर त्या वाहिनीचे आणि त्या नावाच्या मसाल्याचे काय? मागावरच्या कारीगराची मजुरी दुसऱ्याच्या खिशात गेली तर आपण त्याला जुलूम म्हणतो. चुलीवरच्या कारीगरीला दुसरा न्याय कसा लावता येईल?

आमचा सल्ला असा. ज्या हातांचा हुनर, त्या हातांच्या नावावर बँक खाते आणि पॅन असावे. मुलाने व्हिडिओचे काम केले तर त्याचा हिस्सा ठरवावा आणि तो एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घरातल्या घरात लिखापढी कसली, असे म्हणू नये. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा ही ताकीद सूरह बकरात आहे आणि बायकांनी कमावले त्यात बायकांचा हिस्सा आहे हे सूरह निसात. गोश्त, तेल, गॅसचा खर्च आधी उत्पन्नातून वजा करावा, नाहीतर घरखर्चातच तो मिसळतो आणि नफा झाला की तोटा हे कोणालाच कळत नाही.

शेवटी, ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी चालू धंदा किंवा नोकरी सोडू नये. आठवड्याला एक व्हिडिओ, असे एक वर्ष करावे. वर्षअखेर तीन आकडे पाहावेत. खर्च किती झाला, जाहिरातीतून किती आले आणि स्वतःचा माल किती विकला गेला. तिसरा आकडा वाढत असेल तर पहिले दोन काहीही सांगोत, पुढे चालावे. तिसऱ्या रकान्यात काहीच नसेल तर हौस म्हणून चालू ठेवावे, पण त्याला रोजी समजू नये. आणि धंदा चालो न चालो, आजीच्या मापांची वही घरात तयार झालेली असेलच. ती जपून ठेवावी.